क्लॉड शॅनन : दूर पाठवलेली माहिती सुखरूप कशी पोहोचते हे दाखवणारे गणितज्ञ

समजा तुमच्या आजीने गावातल्या बँकेच्या शाखेत ५००० रुपये भरले. कॅशियरने नोटा मोजल्या, कॉम्प्युटरवर नोंद केली, पासबुकावर छापून दिली. आजीला वाटतं, सगळं या इमारतीत आहे. नोटा असतीलही, पण ती नोंद काही तिथे मुक्कामाला राहत नाही. ती काचेच्या बारीक धाग्यातून किंवा रेडिओलहरींवरून शेकडो किलोमीटर लांब, बँकेच्या मोठ्या डेटा सेंटरमध्ये जाते आणि तिची आणखी एक प्रत तिसऱ्याच शहरात जाऊन बसते. वेगवेगळ्या शहरांतले कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या अशा जाळ्याला वाइड एरिया नेटवर्क म्हणतात. थोडक्यात वॅन.

दुसरं शहर कशाला? २६ जुलै २००५ हा दिवस घरातल्या मोठ्यांना विचारा. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई ठप्प झाली. मूळ प्रत आणि राखीव प्रत एकाच तळघरात ठेवली असेल, तर अशा दिवशी दोन्ही बुडणार.

आता पुढची अडचण बघा. कॉम्प्युटर ५००० हा आकडा शून्य आणि एक वापरून असा लिहितो : १००१११०००१०००. तेरा अंक. वाटेत कुठेतरी विजेची गडबड झाली आणि अगदी पहिल्या १ चा ० झाला, तर पलीकडे पोहोचतात ९०४ रुपये. एक अंक बिघडला आणि आजीचे ४०९६ रुपये गेले! अशी गडबड क्वचित होते असं समजू नका. तारेत, हवेत, डिस्कवर ती सतत चालू असते. तरीही आजीच्या पासबुकात ५००० च राहतात. हे शक्य आहे, आणि कुठल्या मर्यादेपर्यंत शक्य आहे, हे १९४८ साली गणिताने सिद्ध करणारे शास्त्रज्ञ म्हणजे क्लॉड एलवूड शॅनन. आजचा पाठ त्यांच्याविषयी आहे.

शॅनन यांचा जन्म ३० एप्रिल १९१६ रोजी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात पेटोस्की इथे झाला. बालपण गेलं जवळच्याच गेलॉर्ड या लहानशा गावात. वडील व्यापार करत आणि काही काळ वारसाहक्काच्या कोर्टात न्यायाधीशही होते. आई भाषा शिकवायची, पुढे गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका झाली. मोठी बहीण गणितात हुशार. म्हणजे घरात अभ्यासाचं वातावरण होतं, पण क्लॉडला जास्त ओढ होती ती खटपटी करण्याची. मोडके रेडिओ दुरुस्त करायचे, विमानांची मॉडेल्स बनवायची. त्याचं सगळ्यात भारी काम म्हणजे तारयंत्र. अर्धा मैल लांब राहणाऱ्या मित्राच्या घरापर्यंत तार ओढायला पैसे कुठून आणणार? मग या पठ्ठ्याने शेताच्या कुंपणाची काटेरी तारच वापरली! कुंपण तिथे होतंच, फक्त त्यातून विजेचे संकेत पाठवले. तो तारा पोहोचवणारा पोऱ्या म्हणूनही काम करत असे. (तार म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल. आपल्याकडची तार सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.)

थॉमस एडिसन हा त्याचा लहानपणचा आदर्श. गंमत म्हणजे, एडिसन आपले दूरचे नातेवाईक लागतात हे त्याला मोठेपणी कळलं.

मिशिगन विद्यापीठातून १९३६ साली त्यांनी दोन पदव्या घेतल्या, एक विद्युत अभियांत्रिकीची आणि एक गणिताची. मला हे महत्त्वाचं वाटतं. नववी-दहावीतच मुलांना गणितवाला किंवा मशीनवाला अशी पाटी लावायची आपल्याला घाई असते. शॅनन दोन्ही होते आणि त्यांचं सगळं काम या दोन्हींच्या बांधावर झालं.

पुढे ते एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत आले. तिथे व्हॅनिव्हर बुश यांचं एक खोलीभर पसरलेलं गणकयंत्र होतं. दांडे आणि चाकं फिरवून ते अवघड समीकरणं सोडवायचं. ते चालवायला विजेवर उघडझाप करणाऱ्या खटक्यांचं, म्हणजे रिलेंचं, गुंतागुंतीचं सर्किट होतं आणि ते सांभाळणं शॅनन यांच्याकडे आलं. मिशिगनला शिकताना त्यांनी जॉर्ज बूल यांचं तर्काचं बीजगणित वाचलं होतं. त्यात खरं म्हणजे १, खोटं म्हणजे ०. खटका बंद किंवा चालू, विधान खरं किंवा खोटं, दोन्हींचं गणित एकच आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. १९३७ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांनी यावर मास्टर्सचा प्रबंध लिहिला. आजच्या प्रत्येक डिजिटल सर्किटची रचना त्या विचारावर उभी आहे. या कामाला आल्फ्रेड नोबल पारितोषिक मिळालं. थांबा, हे ते स्वीडनचं नोबेल नव्हे! हा अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थांचा वेगळा पुरस्कार आहे. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत इथे गोंधळ करू नका.

१९४० साली डॉक्टरेट झाली, तीही आनुवंशिकतेच्या गणितावर. त्यानंतर थोडा काळ प्रिन्स्टनला राहून १९४१ मध्ये ते बेल लॅबोरेटरीज या प्रयोगशाळेत रुजू झाले. ही अमेरिकेच्या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. या कंपनीला माहिती दूर पाठवण्याचा प्रश्न का छळत होता, ते आधी समजून घेऊ.

आपण वर्गात कानगोष्टींचा खेळ खेळतो ना? पहिल्या बाकावरचा मुलगा शेजाऱ्याच्या कानात वाक्य सांगतो, तो पुढच्याला, आणि शेवटच्या बाकावर पोहोचेपर्यंत कसल्याकसलं झालेलं असतं. लांब पल्ल्याच्या टेलिफोनचं नेमकं असंच होतं. न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोन १९१५ मध्येच सुरू झाला होता. तारेत आवाज क्षीण होत जातो, म्हणून वाटेत जागोजागी तो मोठा करणारी यंत्रं बसवावी लागली. पण यंत्राला आवाज कुठला आणि खरखर कुठली हे कळत नाही. ते दोन्ही मोठे करतं. पुढच्या टप्प्यावर नवी खरखर मिसळते, तीही मोठी होते. अंतर वाढेल तसा बिघाड साचत जातो.

हा प्रश्न डोक्यात असतानाच दुसरं महायुद्ध आलं आणि शॅनन यांच्याकडे गुप्तलेखनाचं काम आलं. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि इंग्लंडचे पंतप्रधान चर्चिल यांच्या बाजूंना अटलांटिकच्या पलीकडे सुरक्षित बोलता यावं म्हणून सिगसॅली नावाची यंत्रणा उभारण्यात आली. १९४३ मध्ये ती सुरू झाली. एका टोकाच्या यंत्राचं वजन ५० टनांहून जास्त! बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे करायचे आणि त्यात निव्वळ यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेले, आकडे मिसळायचे. ते यादृच्छिक आकडे ग्रामोफोनच्या तबकड्यांवर नोंदलेले असत. एक तबकडी वॉशिंग्टनला, तिची जोडीदार लंडनला, आणि वापर झाला की नष्ट. या पद्धतीच्या सुरक्षिततेची तपासणी करणाऱ्यांत शॅनन होते. त्याच वर्षी इंग्लंडचे अॅलन ट्युरिंग बेल लॅब्जमध्ये आले होते. दोघं चहाच्या वेळी गप्पा मारत, यंत्रांना विचार करता येईल का यावर बोलत. पण दोघंही गुप्तलेखनावर काम करत असूनही त्या विषयावर बोलायची परवानगी नव्हती!

याच काळात शॅनन यांनी सिद्ध केलं की किल्ली खरोखर यादृच्छिक असेल, मजकुराइतकीच लांब असेल आणि एकदाच वापरली असेल, तर तो गुप्त मजकूर कुणालाही, कितीही वेळ दिला तरी, फोडता येणार नाही. १९४५ मधला हा अहवाल गोपनीय होता. त्यावर आधारित लेख १९४९ साली सगळ्यांसमोर आला. रोजच्या धंद्याला इतकी लांब किल्ली परवडत नाही, म्हणून बँका छोट्या किल्लीच्या पद्धती वापरतात. पण त्या पद्धती बनवतानाही, मजकुराचा आणि किल्लीचा संबंध गुंतवून टाकायचा आणि मजकुरातली प्रत्येक खूण सगळीकडे पसरवून द्यायची, ही शॅनन यांनी सांगितलेली दोन सूत्रं पाळली जातात.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. १९४८ साली जुलै आणि ऑक्टोबरच्या अंकांत, बेल कंपनीच्या स्वतःच्या तांत्रिक नियतकालिकात, शॅनन यांचा संदेशवहनाच्या गणिती सिद्धान्तावरचा लेख दोन भागांत छापून आला. वर्षानुवर्षं ते त्यावर बरेचसे एकट्याने, नोकरीच्या कामाबाहेर विचार करत होते.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला : माहिती मोजायची कशी? दूध लिटरमध्ये, कापड मीटरमध्ये, मग माहिती कशात? त्यांचं उत्तर असं की माहिती म्हणजे मिटलेली अनिश्चितता. नाणं उडवलं, छापा की काटा हे कळलं, तर एक एकक माहिती मिळाली. या एककाला त्यांनी बिट म्हटलं. हा शब्द सुचवला होता त्यांचे सहकारी जॉन ट्युकी यांनी, आणि शॅनन यांनी लेखात तसं श्रेय दिलं आहे. उद्या सूर्य उगवेल असं मी सांगितलं तर तुम्हाला काय नवीन कळलं? काहीच नाही. उद्या शाळेला अचानक सुट्टी आहे असं सांगितलं तर? जे अनपेक्षित, त्यात माहिती जास्त.

यातून लगेच दुसरी गोष्ट निघते. आपल्या भाषेत पुष्कळसा मजकूर जादा असतो. फळ्यावर मी "महारा_ट्र" असं लिहिलं, तर गाळलेलं अक्षर सांगायला कुणी हात वर करायचीसुद्धा वाट बघत नाही. शॅनन यांनी असाच खेळ पत्नी बेटी यांच्याबरोबर खेळून बघितला. एका रहस्यकथेच्या पुस्तकातली अक्षरं एकेक करून ओळखायला सांगायची आणि किती बरोबर येतात ते टिपून ठेवायचं. बेटी स्वतः गणिती होत्या आणि बेल लॅब्जमध्येच काम करत. इंग्रजीत निम्मा तरी मजकूर असा आधीच ओळखता येण्यासारखा असतो, असा त्यांचा अंदाज निघाला. मग तो पाठवायचाच कशाला? आपल्या तार खात्याने हे व्यवहारात केव्हाच ओळखलं होतं. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना नंबर दिलेले असत. अख्खं वाक्य न पाठवता फक्त नंबर पाठवायचा, पलीकडचं ऑफिस पूर्ण वाक्य लिहून देणार.

आज एखादी कंपनी आपला डेटा दुसऱ्या शहरात पाठवते तेव्हा हेच करते. साधं गणित करून बघा. एक टेराबाइट म्हणजे ८ लाख कोटी बिट. सेकंदाला १ कोटी बिट वाहून नेणारी लाइन असेल तर ८ लाख सेकंद लागतील. म्हणजे सव्वानऊ दिवस! रात्री दुकान बंद झाल्यावर सुरू केलेली प्रत सकाळपर्यंत काय, पुढच्या आठवड्यातही संपायची नाही. म्हणून आधी डेटा दाबून लहान करायचा आणि काल बदललं तेवढंच पाठवायचं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही खरी कमाल आहे. शॅनन यांच्या आधी इंजिनियर लोकांची समजूत अशी होती की खरखर असलेल्या वाटेवरून बिनचूक पाठवायचं असेल तर वेग कमी कमी करत न्यावा लागेल. चुका अगदी नाहीशा करायच्या तर वेग शून्यावर येणार. शॅनन यांनी सिद्ध केलं की तसं नाही. प्रत्येक वाटेची एक ठरलेली क्षमता असते. त्या क्षमतेच्या आत राहून पाठवलं, तर चुकीची शक्यता हवी तितकी कमी करता येते. खरखर आहे तशी असू दे! फक्त मजकूर हुशारीने गुंफायला हवा. क्षमतेच्या बाहेर गेलात, तर मात्र कितीही हुशारी केली तरी उपयोग नाही.

जुन्या टेलिफोन लाइनचं उदाहरण घेऊ. रुंदी सुमारे ३००० हर्ट्झ आणि संकेत खरखरीच्या हजारपट मोठा असं धरलं, तर शॅनन यांच्या सूत्राने क्षमता येते सेकंदाला साधारण ३०,००० बिट. इंटरनेट लावताना किर्रर्र-कुंई असा आवाज करणारे मोडेम तुमच्या आईवडिलांना आठवत असतील. ते २८,८०० आणि ३३,६०० वर येऊन अडकले होते. पुढे ५६,००० वाले आले, ते टेलिफोन कंपनीची बाजू आधीच डिजिटल झाली होती म्हणून. लाइन जराशी जास्त साफ निघाली तर आकडा थोडा वर जातो, पण १९४८ च्या सूत्राला ओलांडून कुणी गेलं नाही.

त्याच वर्षी शॅनन यांनी ऑलिव्हर आणि पिअर्स या सहकाऱ्यांबरोबर आणखी एक लेख लिहिला. त्यातून कानगोष्टींचा प्रश्न सुटतो. आवाजाचे शून्य-एक करून पाठवण्याची मूळ कल्पना इंग्लंडच्या अॅलेक रीव्ह्ज यांची. तिच्यामागचा विचार या तिघांनी नीट मांडला. वाटेतल्या यंत्राने आवाज नुसता मोठा करायचा नाही. आलेला संकेत शून्य आहे की एक, एवढंच ठरवायचं आणि नवा कोरा संकेत पुढे पाठवायचा. कानगोष्टींत प्रत्येक मुलाला फक्त हो किंवा नाही एवढंच सांगायचं असेल, तर शेवटच्या बाकापर्यंत गोष्ट बरोबर पोहोचेल, नाही का? बिघाड साचतच नाही. बेल कंपनीने १९६२ मध्ये टी-वन नावाची अशी यंत्रणा सुरू केली. एका वाटेवर २४ फोन, सेकंदाला १५ लाख ४४ हजार बिट. पुढे कंपन्या याच टी-वन लाइन भाड्याने घेऊन गावोगावची ऑफिसं आणि कॉम्प्युटर जोडू लागल्या. माझ्या मते व्यापारी वॅनची खरी पायवाट इथून पडली.

पण हुशारीने गुंफायचं म्हणजे नेमकं कसं? शॅनन यांनी अशी पद्धत असलीच पाहिजे एवढं सिद्ध केलं, रेडिमेड पद्धत हातात दिली नाही. पहिली सुंदर पद्धत सापडली त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड हॅमिंग यांना, आणि तीही वैतागातून. हॅमिंग यांना रिलेवर चालणारा कॉम्प्युटर शनिवार-रविवारी मिळे. काम लावून ते घरी जात. मशीनला चूक सापडली आणि दुरुस्त करायला माणूस नसला, की ते काम अर्धवट टाकून पुढचं घेई. सोमवारी येऊन बघावं तर उत्तर नाही! यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली ते का कळू नये, असं त्यांना वाटलं. चार बिटांना तीन जादा बिट जोडून, सातांपैकी कुठलाही एक बिघडला तरी तो कुठला हे सांगणारी रचना त्यांनी शोधली. शॅनन यांनी १९४८ च्या लेखात ती उदाहरण म्हणून दिली. हॅमिंग यांचा स्वतःचा लेख १९५० मध्ये आला.

वर्गात करून बघा. एका बाजूने काळी, दुसऱ्या बाजूने पांढरी अशी कार्डं घ्या. पाच ओळींत पाच-पाच कशीही मांडा. आता प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी एक जादा कार्ड असं ठेवा, की त्या ओळीत काळ्यांची संख्या सम होईल. उभ्या रांगांनाही खाली तसंच एकेक कार्ड लावा. तुम्ही पाठ फिरवा आणि मित्राला पंचवीसपैकी कुठलंही एक कार्ड उलटायला सांगा. परत बघा : एक आडवी ओळ विषम झालेली असेल आणि एक उभी. त्या जिथे छेदतात तेच कार्ड. मूळ मजकूर पाठ नसतानाही चूक सापडली आणि दुरुस्तही झाली! दोन कार्डं उलटली तर काय होतं, ते तुम्हीच शोधा.

बघा, भाषेतला जादा मजकूर आधी काढून टाकला आणि आता पुन्हा जादा अंक घालतोय. हा उलटा कारभार वाटेल. पण काढलेला जादा मजकूर सवयीने आलेला होता, घातलेला मोजून-मापून चूक पकडण्यासाठी आहे. दोन्हींच्या मध्ये येतं कुलूप, म्हणजे गुप्तलेखन. हा क्रम लक्षात ठेवा : आधी दाबून लहान करायचं, मग कुलूप, मग चूक-दुरुस्तीचे अंक. कुलूप आधी लावलं तर डेटा यादृच्छिक दिसू लागतो. त्यात ओळखता येण्यासारखं काही उरत नाही, म्हणून तो दाबताही येत नाही.

साठवण म्हणजे तरी काय? आजचा मी उद्याच्या मला पाठवलेला निरोप. तार अंतर ओलांडते, डिस्क वेळ ओलांडते. खरखर दोन्हीकडे आहे, म्हणून गणितही तेच लागू पडतं. १९६० साली रीड आणि सॉलोमन या दोघांनी हॅमिंग यांच्याहून ताकदीची पद्धत काढली. सीडीवर ओरखडा पडला तरी गाणं वाजतं आणि क्यूआर कोडचा कोपरा फाटला तरी पैसे जातात, ते तिच्यामुळे. मोठी डेटा सेंटर्स ती अशी वापरतात : फाइलचे १० तुकडे करायचे, त्यावरून हिशोबाने आणखी ४ तुकडे बनवायचे आणि हे १४ वेगवेगळ्या मशीनवर ठेवायचे. कुठलेही ४ गेले तरी उरलेल्या १० वरून फाइल पूर्ण परत मिळते. तीन अख्ख्या प्रती ठेवल्या तर जागा दुप्पट जादा लागते आणि नुकसान झेपतं दोनच प्रतींचं. इथे जादा जागा फक्त ४० टक्के.

एक गोष्ट मात्र या गणितात येत नाही, ती म्हणजे उशीर. काचेच्या धाग्यातून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. १००० किलोमीटरवरच्या प्रतीकडून पोच यायला जाऊन-येऊन एक शतांश सेकंद लागतो. कमी वाटतं, पण सेकंदाला हजारो व्यवहार करणाऱ्या बँकेने प्रत्येक पोचेसाठी थांबायचं की नाही? थांबलं तर काम मंदावतं. न थांबलं तर अपघाताच्या क्षणी शेवटचे काही व्यवहार पलीकडे पोहोचलेले नसतात. म्हणून पुष्कळ ठिकाणी एक प्रत जवळ ठेवून तिची वाट बघतात आणि दूरच्या प्रतीला मागून येऊ देतात.

शॅनन यांनी आणखी एक गोष्ट मुद्दाम बाजूला ठेवली होती : अर्थ. निरोप खरा की खोटा, शहाणपणाचा की वेडेपणाचा, याच्याशी या सिद्धान्ताला देणंघेणं नाही. जे दिलं ते जसंच्या तसं पोहोचवायचं. याचा फटका आम्हा शिक्षकांनी खाल्लेला आहे. पूर्वी मी जिथे शिकवत होतो, तिथे निकालाची एक्सेल फाइल सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर आपोआप सारखी होत असे. एका शिक्षकाने नावांचा कॉलम तसाच ठेवून फक्त गुणांचा कॉलम चढत्या क्रमाने लावला आणि सेव्ह केलं. दोन मिनिटांत ती चूक पाचही कॉम्प्युटरवर बिनचूक पोहोचली! वाचवलं ते कागदी गुणपत्रकाने. कंपन्यांचंही असंच होतं. व्हायरसने किंवा खंडणीखोरांनी मूळ फाइल बिघडवली, तर नेटवर्क तो बिघाड इमानाने दुसऱ्या शहरात नेऊन ठेवतं. म्हणून दूरच्या प्रतीबरोबर जुन्या तारखेच्या प्रतीही जपाव्या लागतात, शक्यतो नेटवर्कला न जोडलेल्या.

लेखामुळे शॅनन प्रसिद्ध झाले. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, संगीत, जो तो आपल्या विषयात त्यांचा सिद्धान्त घुसवू लागला. दुसरा कुणी असता तर खूश झाला असता. शॅनन यांनी १९५६ मध्ये एक छोटं टिपण लिहून या लाटेवर स्वार होणाऱ्यांना सावध केलं.

त्यांना गर्दीपेक्षा खटपट प्रिय. १९५० मध्ये त्यांनी थीसियस नावाचा यांत्रिक उंदीर बनवला होता. चक्रव्यूहात ठेवला की तो धडपडत वाट शोधे, पण त्याची आठवण असे पटाखालच्या टेलिफोनच्या रिलेंमध्ये. दुसऱ्यांदा ठेवला की सरळ जाई. भिंती बदलल्या की बिघडलेला भाग विसरून नव्याने शोधे. एक केबल तुटल्यावर आज आपला डेटा दुसऱ्या वाटेने वळतो, तेव्हा मला हा उंदीर आठवतो. रोमन आकड्यांत गणित करणारं यंत्र, चेंडू झेलणारं यंत्र आणि एक खोका, ज्याचं बटण दाबलं की आतून हात येई, बटण बंद करी आणि परत आत जाई! एकचाकी सायकलवरून ते बेल लॅब्जच्या व्हरांड्यातून हिंडत.

१९५६ मध्ये ते एमआयटीत आले आणि १९७८ मध्ये निवृत्त झाले. तिथेच १९६० च्या सुमाराला रॉबर्ट गॅलागर या तरुणाने शॅनन यांच्या मर्यादेच्या अगदी जवळ जाणारी चूक-दुरुस्तीची पद्धत शोधली होती. तेव्हाच्या कॉम्प्युटरना ती झेपली नाही आणि ती विस्मरणात गेली. तीसेक वर्षांनी पुन्हा सापडली. आज ५जी फोनमध्ये आणि एसएसडी डिस्कमध्ये तीच आहे.

१९८५ मध्ये शॅनन यांना जपानचं क्योटो पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ब्रायटन इथे त्यांच्या विषयाची परिषद भरली होती. ते कुणालाही न कळवता तिथे आले. कुजबुज पसरली आणि लोक सह्यांसाठी रांगा लावू लागले. त्यांना भाषणाला उभं केलं तेव्हा थोडं बोलून त्यांनी खिशातून तीन चेंडू काढले आणि झेलून दाखवले.

तोपर्यंत त्यांना विसर पडू लागला होता. आजार अल्झायमरचा निघाला. सीडी, मोबाइल, इंटरनेट असं सगळं त्यांच्या गणितावर जगभर उभं राहत असताना ते गणित आपलं आहे हेही त्यांना आठवेनासं झालं. १९९३ पासून ते मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड इथल्या शुश्रूषागृहात होते. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्डला त्यांचा पुतळा उभारला गेला, तेव्हा त्यांना तिथे नेण्यासारखी परिस्थिती नव्हती. २४ फेब्रुवारी २००१ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते गेले.